विश्लेषण : ठोकळे जोडून मायक्रोकंट्रोलर चालतो, मग चूक शोधायला वेगळी अवजारे का लागतात?

सी भाषेची एकही ओळ न लिहिता, संगणकाच्या पडद्यावर ठोकळे किंवा फ्लोचार्ट जोडून मायक्रोकंट्रोलर चालवता येतो. शाळेतील प्रयोगशाळेपासून वाहन उद्योगापर्यंत ही पद्धत रुळली आहे. पण पडद्यावर बिनचूक चाललेला प्रोग्राम प्रत्यक्ष बोर्डावर अडखळला, की चित्र गप्प बसते. अशा वेळी डीबगर, लॉजिक अॅनालायझर, ऑसिलोस्कोप यांची मदत कशी घ्यायची आणि ही अवजारे एकमेकांच्या पायात कुठे येतात, याविषयी…

ग्राफिकल प्रोग्रामिंग म्हणजे काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक. प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना हे सगळे त्यातच असते. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, वीजमीटर, दुचाकीचे इंजिन अशा असंख्य ठिकाणी तो काम करतो. त्याला सूचना देण्यासाठी पूर्वापार असेम्ब्ली किंवा सी भाषा वापरली जाते. ग्राफिकल प्रोग्रामिंगमध्ये या सूचना मजकुराऐवजी चित्रांच्या रूपात मांडल्या जातात. ‘पिन चालू करा’, ‘एक सेकंद थांबा’, ‘तापमान ४० पेक्षा जास्त असेल तर…’ असे ठोकळे क्रमाने जोडायचे, बाकीचे काम सॉफ्टवेअर करते.

ही कल्पना नवी नाही. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८६ मध्ये लॅबव्ह्यू आणले. त्यात मोजमापाची यंत्रे चालवण्यासाठी पडद्यावर तारा जोडाव्यात तसे प्रोग्राम जोडता येत. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी स्क्रॅच खुले केले. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना सुमारे दहा लाख ‘बीबीसी मायक्रोबिट’ बोर्ड वाटण्यात आले. मायक्रोसॉफ्टच्या मेककोडमध्ये ठोकळे जोडून हा बोर्ड चालवता येतो. फ्लोचार्ट काढून पीआयसी, एव्हीआर आणि एआरएम जातीच्या चिप चालवणारे ‘फ्लोकोड’ हे सॉफ्टवेअरही ब्रिटनमधलेच. अर्धविराम विसरला, कंस चुकला अशा किरकोळ चुकांत नवशिक्याचा दिवस वाया जात नाही, तर्कावर लक्ष राहते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

चित्र चिपपर्यंत पोहोचते कसे?

याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक माहीत नसला तर पुढचे सगळे गोंधळाचे होते. पहिल्या मार्गात चित्राचे यंत्रभाषेत रूपांतर होते. फ्लोकोडमध्ये फ्लोचार्टपासून आधी सी भाषेतील मजकूर तयार होतो, त्यापासून असेम्ब्ली आणि शेवटी चिपला कळणारी हेक्स फाइल. ही फाइल चिपमध्ये भरली, की संगणकाची गरज संपते. मधले सी आणि असेम्ब्लीचे टप्पे उघडून पाहताही येतात. मेककोडमध्ये ठोकळ्यांखाली टाइपस्क्रिप्टचा मजकूर असतो आणि हेक्स फाइल थेट ब्राउझरमध्येच तयार होते.

दुसऱ्या मार्गात चिपमध्ये एकच ठरावीक प्रोग्राम बसवलेला असतो. तो यूएसबी केबलवरून येणाऱ्या आज्ञा पाळतो, खरा तर्क मात्र संगणकावर चालतो. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने सायलॅब आणि त्यातील एक्सकॉस या ठोकळे-पद्धतीच्या साधनातून आर्डुइनो चालवण्याची मोफत व्यवस्था तयार केली आहे, ती या प्रकारची. सेन्सरचे आकडे थेट आलेखावर पाहायला, नियंत्रणाचे गणित शिकायला ती उत्तम. पण केबल काढली की काम थांबते. चिपला डीबगर जोडला तरी त्यात दिसतो तो आज्ञा पाळणारा प्रोग्राम, विद्यार्थ्याने जोडलेले ठोकळे नव्हेत. म्हणून कोणतेही अवजार हाती घेण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : आपला प्रोग्राम चिपमध्ये चालतो आहे की संगणकात?

सिम्युलेटरमध्ये चालते ते बोर्डावर का चालत नाही?

समजा, पदविका अभ्यासक्रमाच्या एका गटाने शेतातील पंपासाठी नियंत्रक बनवायला घेतला. टाकीत दोन तरंगते स्विच, पंपासाठी रिले आणि स्थिती कळवण्यासाठी सीरियल जोडणी. चिप पीआयसी१६एफ८७७ए. आपल्याकडील प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे दिसणारी. फ्लोचार्ट तयार झाला, सिम्युलेटरमध्ये टाकी भरली, पंप बंद झाला, सगळे छान. चिप बोर्डावर बसवली आणि तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, एक सेकंदाचा विलंब पाच सेकंदांचा झाला आणि सीरियलवर अगम्य अक्षरे आली. कारण सॉफ्टवेअरला घड्याळाचा वेग २० मेगाहर्ट्झ सांगितला होता, बोर्डावर स्फटिक मात्र ४ मेगाहर्ट्झचा होता. त्यामुळे ९६०० बॉडचा वेगही प्रत्यक्षात १९२० झाला. सिम्युलेटरला बोर्डावरचा स्फटिक दिसत नाही, त्याला सांगितलेला आकडा तो खरा मानतो.

दुसरी, आरबी३ या पिनला जोडलेला खालचा स्विच काही केल्या नीट वाचला जात नव्हता. या चिपमध्ये ‘कॉन्फिगरेशन बिट’ नावाच्या काही कायमस्वरूपी निवडी असतात : घड्याळाचा प्रकार, वॉचडॉग टायमर, कमी व्होल्टेजवर प्रोग्राम भरण्याची सोय वगैरे. यातील शेवटची सोय चालू असेल, तर आरबी३ साधी पिन म्हणून काम करणे सोडून देते. कोऱ्या चिपमध्ये ती चालूच असते. फ्लोचार्टच्या एकाही चौकटीत हे दिसत नाही, ते प्रकल्पाच्या सेटिंगमधल्या कुठल्या तरी पानावर असते.

तिसरी चूक सगळ्यांत घातक. पंप सुरू होताच नियंत्रक रीसेट व्हायचा, रिले सुटायचा, प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊन रिले परत ओढायचा. टक-टक-टक. मोटरला वारंवार सुरुवातीचा मोठा प्रवाह घ्यावा लागला, तर ती तापते आणि शेवटी जळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रकल्पाच्या गुणांचा प्रश्न नाही, रिवाइंडिंगच्या खर्चाचा आणि वाया गेलेल्या पाण्याच्या पाळीचा आहे. फ्लोचार्टचा तर्क मात्र तेव्हाही शंभर टक्के बरोबर होता.

कोणते अवजार काय दाखवते?

तिन्ही चुका तीन वेगळ्या थरांवर होत्या. तर्क तपासायला सिम्युलेटर पुरतो. त्याखालच्या थरांसाठी वेगळी नजर लागते.

सर्वांत सोपे अवजार म्हणजे सीरियल मॉनिटर. प्रोग्रामने ठरावीक ठिकाणी संगणकाकडे मजकूर पाठवायचा आणि तो वाचायचा. पण त्यालाही किंमत आहे. ९६०० बॉडला एक अक्षर पाठवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे २० अक्षरांचा संदेश जायला २१ मिलिसेकंद. दर पाच मिलिसेकंदांनी काही मोजायचे असेल, तर चूक शोधण्यासाठी टाकलेला ठोकळाच नवी चूक तयार करतो.

इन-सर्किट डीबगर चिपच्या आत डोकावतो. पिककिटसारखे उपकरण आणि मायक्रोचिप कंपनीचे एमपीलॅब एक्स हे सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने प्रोग्राम हव्या त्या जागी थांबवता येतो, रजिस्टरमधील मूल्ये वाचता येतात. मात्र प्रोग्राम थांबला म्हणून बाहेरचे जग थांबत नाही. मोटर फिरत असताना ब्रेकपॉइंट लावला आणि त्याच क्षणी रिले ‘चालू’ स्थितीत असेल, तर टाकी भरून वाहू लागली तरी पंप बंद करणारे कोणी नसते. त्यामुळे अशा चाचणीत पंपाच्या जागी दिवा जोडणे शहाणपणाचे.

लॉजिक अॅनालायझर पिनांवरील शून्य-एकची चढउतार वेळेसह नोंदवतो. ९६०० बॉडला एका बिटची रुंदी १०४ मायक्रोसेकंद असायला हवी. पडद्यावर ती ५२१ दिसली, की पाचपट घोटाळा घड्याळाचा आहे हे मिनिटाभरात कळते. त्यासाठी प्रोग्राम थांबवावा लागत नाही. पल्सव्ह्यूसारखे मुक्त सॉफ्टवेअर सीरियल, आय-टू-सी, एसपीआय या संदेशांचा अर्थही लावून देते.

ऑसिलोस्कोप शून्य-एकच्या पलीकडचे, म्हणजे प्रत्यक्ष व्होल्टेज दाखवतो. पंपाच्या उदाहरणात रिले ओढला जाताना ५ व्होल्टची रेषा क्षणभर किती खचते ते यावरच दिसते. या चिपमधील ‘ब्राउन-आउट’ संरक्षण चालू असेल, तर पुरवठा सुमारे ४ व्होल्टच्या खाली घसरताच ते चिप रीसेट करते. लॉजिक अॅनालायझरला मात्र हा खड्डा दिसेलच असे नाही.

ही अवजारे ग्राफिकल सॉफ्टवेअरसोबत कशी वापरायची?

रीसेटचे कारण शोधण्याची रीत या जोडणीचा चांगला नमुना आहे. पीआयसी१६एफ८७७ए मध्ये पीकॉन नावाचे रजिस्टर आहे. त्यातील दोन बिट सुरुवातीला प्रोग्रामने १ करून ठेवले, की पुढे पुरवठा खचून रीसेट झाला तर त्यातील एक ० होतो. वॉचडॉगमुळे रीसेट झाला, तर त्याची खूण स्टेटस रजिस्टरमध्ये उमटते. फ्लोचार्टमध्ये यासाठी तयार चौकट नसली, तरी फ्लोकोडमध्ये सी भाषेच्या ओळी लिहिण्यासाठी वेगळी चौकट असते. फ्लोचार्टच्या अगदी आरंभी ती ठेवायची, ही रजिस्टरे वाचून त्यांची मूल्ये सीरियलवर पाठवायची आणि मगच पुन्हा १ लिहायचे. सीरियल मॉनिटरने ‘ब्राउन-आउट’ सांगितले आणि ऑसिलोस्कोपवर खड्डा दिसला, की निदान पक्के.

उपायही दोन्हीकडे करावा लागतो. रिलेला वेगळा पुरवठा, त्याच्या कॉइलवर उलटा डायोड, चिपच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही कामे सोल्डरिंगची. पंप एकदा बंद पडल्यावर काही काळ तो पुन्हा सुरू करायचा नाही, ही फ्लोचार्टमधली एक नवी चौकट. इथे चित्राचा फायदा पुन्हा दिसतो, कारण ही चौकट कुठे बसवायची हे गटातल्या सगळ्यांना एका नजरेत कळते.

अडचणी कुठे येतात?

सर्वांत नेहमीची अडचण पोर्टची. एक सीरियल पोर्ट एका वेळी सहसा एकच प्रोग्राम वापरू शकतो. सीरियल मॉनिटर उघडा असेल, तर ग्राफिकल सॉफ्टवेअरला बोर्ड ‘सापडत’ नाही. एक्सकॉससारख्या केबलवर चालणाऱ्या पद्धतीत तर पोर्ट कायमच व्यापलेला असतो. प्रोग्राम भरणाऱ्या उपकरणाचेही तसेच. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी त्यावर हक्क सांगू लागली, की दोन्ही अडतात. एकातून बाहेर पडून मगच दुसऱ्यात शिरणे, हा साधा नियम बरेच तास वाचवतो.

दुसरी अडचण चिपच्या साधनांची. डीबगर फुकट काम करत नाही. पीआयसी१६एफ८७७ए मध्ये त्याला आरबी६ आणि आरबी७ या दोन पिना, प्रोग्राम स्मृतीचे शेवटचे २५६ शब्द, थोडी रॅम आणि आठ पातळ्यांच्या स्टॅकमधील एक पातळी लागते. याच दोन पिनांना कीपॅड जोडला असेल, तर डीबगर आणि कीपॅड दोन्ही बिघडल्यासारखे वागतात. म्हणून फ्लोचार्ट काढण्याआधीच या पिना राखून ठेवणे बरे.

तिसरी अडचण हेक्स फाइलची. फ्लोकोडने तयार केलेली हेक्स फाइल एमपीलॅबमध्ये उघडता येते आणि चिपमध्ये भरताही येते. पण हेक्समध्ये फक्त यंत्रभाषा असते. चौकटींची नावे, व्हेरिएबलची नावे, सी भाषेच्या ओळी यांतले काहीच उरत नाही. त्यामुळे डीबगरमध्ये दिसते ती असेम्ब्लीची लांबलचक यादी. ओळीओळीने तपासायचे असेल तर ग्राफिकल सॉफ्टवेअरमधील डीबगची सोय वापरावी किंवा तयार झालेला सी मजकूर घेऊन वेगळा प्रकल्प उभा करावा.

त्यातून चौथी अडचण निघते : प्रवास एकाच दिशेचा आहे. सी मजकुरात केलेली दुरुस्ती फ्लोचार्टमध्ये परत येत नाही. पुढच्या वेळी फ्लोचार्टवरून नवा मजकूर तयार झाला, की जुनी दुरुस्ती पुसली जाते. मेककोडमध्ये दोन्ही दिशांनी जाता येते, पण ज्या मजकुराचा ठोकळा होऊ शकत नाही तो राखाडी चौकट होऊन बसतो. म्हणून मूळ प्रत कोणती, चित्र की मजकूर, हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवे. चूक सी मजकुरात सापडली, तरी दुरुस्ती मूळ प्रतीतच करायची.

उद्योगात काय चित्र आहे?

व्यावसायिक अभियंत्यांनीही चित्रांना कमी लेखलेले नाही. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या क्यूबएमएक्स या साधनात चिपचे चित्र समोर येते. पिनांवर क्लिक करून त्यांचे काम ठरवायचे, घड्याळाची जुळणी आकृतीत करायची आणि त्यावरून सुरुवातीचा सी मजकूर तयार होतो. या मजकुरात ‘यूजर कोड बिगिन’ आणि ‘यूजर कोड एंड’ अशा खुणा असतात. त्यांच्या मध्ये लिहिलेले पुढच्या वेळी टिकते, बाहेर लिहिलेले जाते. पुढचे डीबगिंग नेहमीच्या पद्धतीने, बोर्डावरच असलेल्या एसटी-लिंकवरून होते.

वाहन उद्योगात मॅथवर्क्सच्या सिम्युलिंकमध्ये ठोकळ्यांचे प्रतिमान बनवून त्यावरून सी मजकूर तयार करण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. पुण्यातील वाहन-सॉफ्टवेअर क्षेत्रातही हे रोजचे काम आहे. पण तिथे प्रतिमान संगणकावर चालले म्हणजे काम झाले असे कोणी मानत नाही. आधी प्रतिमान, मग त्यावरून बनलेला मजकूर, मग प्रत्यक्ष प्रोसेसर आणि शेवटी खऱ्या वाहनाची नक्कल करणारे हार्डवेअर अशा पायऱ्यांनी तीच चाचणी पुन:पुन्हा घेतली जाते आणि उत्तरे ताडून पाहिली जातात. वाहनांच्या कार्यात्मक सुरक्षेसाठीच्या आयएसओ २६२६२ या मानकातही प्रतिमान आणि मजकूर यांची अशी तुलना सुचवलेली आहे. उत्तर ज्या पायरीवर बदलते, चूक त्या पायरीवर शिरलेली असते.

शाळा-महाविद्यालयांसाठी याचा अर्थ काय?

अटल इनोव्हेशन मिशनची सुरुवात २०१६ मध्ये झाली. त्याअंतर्गत निवडलेल्या शाळेला अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या अशा प्रयोगशाळा देशात दहा हजारांहून अधिक झाल्या आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. मोठ्या संख्येने मुले मायक्रोकंट्रोलरला पहिल्यांदा हात लावतील ते ठोकळ्यांच्या माध्यमातूनच.

ठोकळ्यांमुळे पहिला दिवा दहा मिनिटांत लागतो. पण दुसऱ्या आठवड्यात बोर्ड रुसला, की ‘किट खराब आहे’ किंवा ‘हे आपल्याला जमणार नाही’ या दोन निष्कर्षांपैकी एक काढला जातो आणि किट कपाटात जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण मामुली असते : पोर्ट दुसऱ्याने धरलेला, घड्याळाचा आकडा चुकलेला, पुरवठा अपुरा. ते शोधायला महागडी सामग्री लागत नाही. एक मल्टीमीटर, एक साधा लॉजिक अॅनालायझर, सीरियल मॉनिटर आणि शंका घेण्याची ठरलेली रीत पुरते. आधी वीजपुरवठा मोजायचा, मग घड्याळ तपासायचे, मग कॉन्फिगरेशन, त्यानंतर पिना आणि सर्वांत शेवटी तर्क. नवशिके नेमके उलट्या क्रमाने जातात आणि बरोबर असलेला फ्लोचार्ट पुन:पुन्हा मोडून जोडत बसतात.

शिक्षकांना यासाठी वेगळा अभ्यासक्रम नको. चालणारा प्रकल्प दाखवून झाल्यावर मुद्दाम एक बिघाड करून तो बोर्ड मुलांच्या हाती देता येतो : स्फटिक बदललेला, कॉन्फिगरेशनचा एक बिट उलटा, किंवा कपॅसिटर काढलेला. कोणत्या अवजारावर काय दिसले आणि त्यावरून कोणती शक्यता बाद झाली, हे त्यांनी वहीत लिहायचे. पंपाचा तो नियंत्रक उद्या खरोखर शेतात लागला आणि मध्यरात्री वीज आल्यावर टक-टक करू लागला, तर तिथे सिम्युलेटर नसेल. त्या वेळी मल्टीमीटरचे टोक कुठे टेकवायचे, हे या वहीतूनच आठवेल.